वीजच नव्हती, मग ब्लॅकआउट कसला? (लढाईच्या दिवसांतलं गाव)

कोयनाकाठ
मंडळी, आमच्या घरातलं एक जुनं भांडण तुमच्यापुढे टाकतोय. दर दिवाळीला चिवड्याच्या ताटाभोवती ते नव्याने सुरू होतं आणि कुणीतरी रागावून उठेपर्यंत चालतं.

वडील म्हणतात, ७१ च्या लढाईत आमच्या गावात (कऱ्हाड-पाटणच्या मधलं, नाव कशाला सांगा) कडक ब्लॅकआउट होता. दिवस मावळला की सगळ्या घरांतले कंदील विझवायचे, रात्रीचं गुऱ्हाळ बंद, आणि पोरं शिट्ट्या फुंकत गल्लीतून फिरायची. वडील तेव्हा आठ वर्षांचे.

थोरले काका म्हणतात, "काय बी बोलतोस. ब्लॅकआउट मुंबईत होता. आपल्याकडं वीज आली ७६ ला. जे पेटलंच नाही ते विझवणार काय?" काका तेव्हा चौदा वर्षांचे, म्हणजे त्यांची आठवण जास्त पक्की असायला हवी.

तर प्रश्न असा की बिनविजेच्या गावांत खरंच ब्लॅकआउट पाळत होते का? तुमच्या घरातल्या जुन्या माणसांनी काही सांगितलंय? ६२, ६५, ७१, पार दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे गेलात तरी चालेल. लढाईच्या बातम्या सगळीकडे मिळतात. लढाई चालू असताना गावात काय चालू होतं, ते मला हवंय.

ताकभात
काका बरोबर. पुढचा धागा.

जुनंपाकीट
ताकभात, एवढी घाई नको :)

आम्ही तेव्हा परळला चाळीत. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेला, गाड्यांच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला. दार किलकिलं राहिलं तर खालून वॉर्डन ओरडायचा, "तिसरा मजला, बत्ती!" शाळकरी पोरांना त्याची भारी गंमत. भीती आईला. तिने शेवटी आम्हा दोघा भावंडांना मामाबरोबर गावी पाठवून दिलं, चिपळूणजवळ. तिथे पोचलो तर काय, रोजच ब्लॅकआउट! एक चिमणी स्वयंपाकघरात, एक कंदील ओटीवर, बाकी काळोख. मी आजीला मोठ्या ऐटीत सांगितलं, आजी दिवे विझव, विमान येईल. ती म्हणाली, "मेल्या, विमानवाल्याला आपलं घर दिसलं तर मलाच जरा वाट दाखवायला सांग परसात जायची."

हिशेबी
पंचांगातली एक गोष्ट सांगतो, कारण ती कुणाच्याच लक्षात राहत नाही. पाकिस्तानने विमानतळांवर हल्ले केले ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी. २ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा होती. म्हणजे ब्लॅकआउटच्या पहिल्या रात्री आभाळात टिपूर चांदणं. दिवे विझवा नाहीतर विझवू नका, नदी, रस्ता, देवळाचा कळस, सगळं वरून लख्ख दिसत असणार. युद्ध संपलं १६ तारखेला, तेव्हा अमावास्या तोंडावर आलेली. खरा काळोख पडला आणि गरज संपली.

रानपाखरू
हिशेबी, म्हणजे दत्तजयंतीचा प्रसाद खाल्ला आणि युद्ध सुरू! हे भारी आहे.

हेळवाकची लेक
धागाकर्त्याचा भाग माझ्या माहेरचा. त्यामुळे नीट लिहिते.

पहिली गोष्ट, कोयनेच्या खोऱ्यातल्या माणसाला डिसेंबर म्हटलं की विमान आठवत नव्हतं, भूकंप आठवायचा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. ७१ मध्ये त्याला चारच वर्षं झाली होती. आमच्या घराची मागची भिंत तेव्हाही नुसती कुडाची होती, कारण वडिलांचा दगडमातीवरचा विश्वासच उडाला होता. त्यात लढाई लागल्यावर आवई उठली की धरणावर बाँब टाकणार आहेत. कोण म्हणालं, कुठून कळलं, देव जाणे. पण धरण फुटलं तर आपलं काय होईल हे सांगायला आम्हाला शहाणा माणूस लागत नव्हता. त्यामुळे दिवे विझवा असं कुणी म्हटलं असेल तर लोकांनी हसण्यावारी नेलं नसणार. आमच्याकडे तर रात्री म्हातारी माणसं घोंगडं घेऊन अंगणातच झोपायची. भूकंपामुळे का लढाईमुळे, विचारलं तर म्हणायची, "दोन्ही."

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. कोयनेची वीज तयार होत होती आमच्या उशाला आणि जात होती मुंबईला. जुनंपाकीट यांच्या चाळीतली जी बत्ती वॉर्डन विझवायला सांगत होता, ती बहुधा आमचीच. आम्हाला विझवायलाही दिवा नव्हता.

जुनंपाकीट
हेळवाकची लेक, वाचून क्षणभर गप्प झालो. इतक्या वर्षांनी थकबाकी मान्य.

चौदा कॅरेट
माझं आयडी बघून कळलंच असेल, आम्ही सोनार. त्यामुळे युद्ध म्हटलं की आमच्या घरात ७१ नाही, ६२ निघतं.

चीनने हल्ला केला ऐन दिवाळीच्या तोंडावर. नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री' हे तेव्हापासूनचं. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी गावोगाव सोनं गोळा होत होतं. आमच्या गावात शाळेच्या पटांगणात टेबल मांडलं, त्यावर पांढरं धोतर अंथरलं आणि माझ्या आजोबांना तराजू घेऊन बसवलं. बायका ओळीने यायच्या. कुणाची बुगडी, कुणाची नथ, कुणाच्या पोराची वाळ्यातली घुंगरं. आजोबा वजन करायचे, मास्तर वहीत लिहायचे. आजोबा सांगायचे की त्यातले निम्मे डाग त्यांनीच घडवलेले होते. एका बाईने कानातलं काढलं पण फिरकी निघेना, भोकात अडकलेली. तेल लावलं, साबण लावला. शेवटी आजोबांनी कातरीने तार तोडली. स्वतः घडवलेला डाग असा तोडायची त्यांची ती पहिलीच वेळ.

आणि मग जानेवारी १९६३. सुवर्ण नियंत्रण. १४ कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. ज्या माणसाने गावाचं सोनं देशासाठी तोललं त्याचा धंदा दोन महिन्यांत बसला. १४ कॅरेटचं मंगळसूत्र कोण करणार? बायका म्हणायच्या, त्यापेक्षा पितळेचं बरं, निदान खोटं तरी बोलत नाही. देशभर सोनार देशोधडीला लागले, कित्येकांनी जीव दिले. आजोबांनी स्टो दुरुस्त करायला सुरुवात केली. पिना, वॉशर, कंदिलाच्या वाती. हात तोच, नजर तीच, मजुरी चार आणे.

त्यांच्या तोंडून मी सरकारबद्दल वाईट शब्द ऐकला नाही. पण तो तराजू त्यांनी पुन्हा वापरला नाही, एवढं खरं.

उलटतपासणी
चौदा कॅरेट, छान लिहिलंत. पण एक विचारू? हे सोनं सगळ्यांनी राजीखुशीने दिलं का? माझी आजी सांगायची की तलाठी, पाटील आणि मास्तर अशी तिघांची वरात घरोघर यायची. देणाऱ्यांची नावं शाळेच्या फळ्यावर. न देणाऱ्यांची नावं लिहायची गरज नव्हती, गाव वाचायचंच. आजीने दिलेली अंगठी तिच्या माहेरची होती आणि ती द्यायचं ठरवलं आजोबांनी. तिला कुणी विचारलंही नाही.

सह्याद्रीचा वारा
प्रत्येक गोष्टीत दबाव शोधायची ही एक नवी खोड लागली आहे. माझ्या आजीने पाटल्या स्वतःच्या हाताने काढून दिल्या आणि मरेपर्यंत अभिमानाने सांगितलं. तिला कुणी जबरदस्ती केली नव्हती. त्या पिढीचं मन आपल्या फुटपट्टीने मोजू नका.

उलटतपासणी
तुमची आजी खोटं बोलत होती असं मी म्हटलेलं नाही. माझीही बोलत नव्हती.

ताकभात
दोन आज्या, दोन्ही खऱ्या. चहा घ्या सगळे.

चौदा कॅरेट
उलटतपासणी, तुमचं म्हणणं खोडता येत नाही. आजोबा एक सांगायचे. काही बायका डाग टेबलावर ठेवताना त्यांच्याकडे बघायच्या, आणि काही मागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. तराजूत दोन्ही सारखंच भरायचं.

भाकरतुकडा
६५ चं कुणीच काढलं नाही अजून! शास्त्रीजींचा सोमवार!

आठवड्यातून एक वेळ जेवू नका, धान्य वाचवा, असं शास्त्रीजींनी सांगितलं आणि त्यासाठी सोमवारची संध्याकाळ ठरली. आता गोची बघा. आमच्या घरात आजी, आई, आत्या सगळ्यांचा सोमवार आधीच होता, शंकराचा. दिवसभर उपास आणि संध्याकाळी सोडायचा. शास्त्रीजी म्हणतात संध्याकाळी जेवू नका, शंकर म्हणतो संध्याकाळीच जेवा. आजीपुढे धर्मसंकट! दोन सोमवार तिने दोघांचंही ऐकलं, म्हणजे सकाळीही नाही आणि रात्रीही नाही. तिसऱ्या सोमवारी चक्कर येऊन चुलीपाशीच बसली. मग गुरवाला विचारलं. तो म्हणाला, "शंकराचं तुम्ही चाळीस वर्षं केलंय, तो समजून घील. शास्त्री नवीन हाईत." तेव्हापासून आजी सोमवारी सकाळी जेवायची आणि रात्री फक्त पाणी. शास्त्रीजी ताश्कंदला वारले, ११ जानेवारी ६६. त्यानंतरही तिने ते सोडलं नाही. आमच्या घरात आजही सोमवारी रात्री चूल लवकर थंड होते, नातसुनांना का ते माहीत नाही.

रानपाखरू
"शास्त्री नवीन हाईत" 😂😂

हिशेबी
६५ ची लढाई गणपतीत पेटली होती. आपलं सैन्य लाहोरच्या बाजूला ६ सप्टेंबरला गेलं, अनंत चतुर्दशी ९ ला. म्हणजे तिकडे खेमकरणला रणगाड्यांची लढाई आणि इकडे विसर्जन एकाच वेळी. कुणाकडे त्या वर्षीच्या विसर्जनाची काही आठवण?

भाकरतुकडा
आमच्याकडे मिरवणूक निघाली पण वाजंत्री नाही, नुसते टाळ. आरास मात्र भारी होती. कुंभाराने पुठ्ठ्याचा रणगाडा केला होता आणि वर उंदीर बसवला होता, हातात तिरंगा. बक्षीस मिळालं.

पेठवडगाव
अवांतर आहे, पण युद्धकाळातलं गाव म्हणताय म्हणून लिहितो. आमच्या कोल्हापूरशेजारी वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात तिथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, १९४३ ते ४८, जवळजवळ पाच हजार माणसं, त्यात बायका आणि मुलंच जास्त. रशियातून, इराणमार्गे हाल काढत आलेली. म्हणजे जगाची लढाई आमच्या आजीच्या भाजीच्या पाटीपर्यंत चालत आली.

आजी तिथे वांगी-मिरच्या विकायला जायची. तिला पोलिश येत नव्हतं, त्यांना मराठी नव्हतं. पण दोनतीन महिन्यांत त्या गोऱ्या बायका "कितीला?" आणि "लई महाग!" म्हणायला शिकल्या. घासाघीस करण्यात कोल्हापूरकरणींना मागे टाकलं म्हणे. एक बाई रोज यायची, काही घ्यायची नाही, आजीच्या काखेतल्या पोराला (माझ्या वडिलांना) क्षणभर हातात घ्यायची आणि परत द्यायची. आजीने तिला कधी काही विचारलं नाही. विचारणार कुठल्या भाषेत? पण त्या पोराला ती मुद्दाम बरोबर नेऊ लागली, घरी सांभाळायला सासू असताना.

मनीऑर्डर
दुसऱ्या महायुद्धाचं निघालंच आहे तर आमच्या सातारा जिल्ह्याचं ऐका. भरतीची परंपरा आमच्याकडे पहिल्या महायुद्धापासूनची. अपशिंगे गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात ते उगाच नाही, त्या एका गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. आणि कोकणच्या बाजूला माणगावात यशवंतराव घाडग्यांचा पुतळा आहे, १९४४ ला इटलीत पडले, व्हिक्टोरिया क्रॉस.

आमचे थोरले पणजोबा मराठा पलटणीत, इटलीत. धाकटे पणजोबा त्याच वेळी पत्री सरकारात, ४३-४४ साली भूमिगत. आई एकच. थोरल्याची मनीऑर्डर यायची सरकारकडून आणि त्या पैशाच्या ज्वारीची भाकरी रात्री जायची सरकारविरुद्ध लढणाऱ्या धाकट्याला, उसाच्या फडात. एकदा झडती आली. पोलिसांनी कणगी उलथली, माळा चढले. भिंतीवर थोरल्याचा वर्दीतला फोटो. जमादार त्यापुढे उभा राहिला, म्हणाला, "ह्यो कोण?" पणजी म्हणाली, "तुमचाच माणूस." जमादार पाणी पिऊन गेला.

घरातली ४३ नंतरची एक आठवण म्हणजे भोकाचा पैसा. तांब्याची टंचाई म्हणून सरकारने मधोमध भोक पाडलेला पैसा काढला. पणजी म्हणायची, "इंग्रजाचं काय खरं न्हाई आता. पैशाला बी भोक पडलं."

उलटतपासणी
"तुमचाच माणूस"! यावर मी उलटतपासणी करणार नाही.

तेरणाकाठी
तुम्हा पश्चिम महाराष्ट्रवाल्यांना लढाई म्हणजे सरहद्दीवरची. आमच्या उस्मानाबादकडे लढाई गावातच होती. ४८ चा रझाकारांचा काळ. पोलीस ॲक्शन १३ सप्टेंबर ते १७ सप्टेंबर, पाच दिवसांत निकाल, पण त्याआधीचं वर्ष दीड वर्ष आमची माणसं रात्री घरात झोपत नव्हती. बायकापोरं बार्शी-सोलापूरकडे धाडलेली, पुरुष गावात, आणि गावातही घरात नाही, शेतात. कंदील तर सोडाच, चिलीमही कुणी उघड्यावर ओढत नव्हतं. तेव्हा कोयनाकाठ, बिनविजेच्या गावात ब्लॅकआउट होऊ शकतो का, याचं उत्तर आमच्याकडून घ्या. होऊ शकतो. हुकूम लागत नाही, भीती पुरते.

आणि हेही लिहून ठेवतो, की त्या पाच दिवसांनंतर आमच्या भागात ज्यांचा काही दोष नव्हता अशीही मुसलमान घरं भरडली गेली. आजोबा हे सांगताना आवाज खाली आणायचे. मी आणत नाही.

कोयनाकाठ
तेरणाकाठी, धन्यवाद. हा कोन माझ्या डोक्यातच नव्हता.

सगळ्यांचं वाचतोय. वडिलांना मोठ्याने वाचून दाखवतोय. काकांना व्हॉट्सॲपवर पाठवलंय, निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

ताकभात
काका ब्लॅकआउटमध्ये गेले.

टपालप्रेमी
७१ चा एक पुरावा माझ्या वहीत चिकटवलेला आहे. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी नोव्हेंबर ७१ पासून पाकिटावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. सुरुवातीला कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच 'शरणार्थी सहायता' असं छापून भागवलं, मग वेगळं तिकीट आलं. ७३ च्या मार्चपर्यंत चाललं. म्हणजे मुलगी बघायला या असं कळवायचं असलं तरी पाच पैसे निर्वासितांना. गावातला माणूस एरवी लढाईशी कसा जोडला जायचा असं विचाराल तर हा एक धागा, अगदी जिभेने चाटून चिकटवलेला.

माहेरवाशीण
टपालाचं निघालं म्हणून लिहायचं धाडस करते. एरवी मी फक्त वाचते.

मी ७१ ला चौथीत होते. शेजारच्या वहिनींचे मालक फौजेत, पूर्वेला. वहिनींना वाचता येत नव्हतं, सासू-सासऱ्यांनाही नाही. निळं आंतर्देशीय आलं की मला हाक मारायच्या. पाठीमागे 'केअर ऑफ ५६ एपीओ', त्याच्यावरून कुठे आहेत ते काही कळायचं नाही. मी ओट्यावर बसून वाचायची. समोर सासू, सासरे, दीर, जाता-येता थांबलेली चार माणसं. वहिनी दारामागे. पत्रात असायचं काय? तीर्थरूप आईबाबांना साष्टांग नमस्कार, म्हैस व्याली का, विहिरीचं पाणी किती खाली गेलं, धाकट्याला शाळेत धाडा. वहिनींचं नाव एकदाही नाही. शेवटी एक ओळ, "बाकी सर्वांना माझी आठवण सांगणे." मी उठले की वहिनी मला परसात ओढायच्या. म्हणायच्या, "ते बाकीचं परत वाच."

बाकीचं म्हणजे मला वाटायचं काहीतरी राहिलं. बऱ्याच पत्रांनी कळलं की त्यांना ती 'बाकी सर्वांना' ओळ हवी असायची. मग मी मुद्दाम सावकाश वाचायची.

डिसेंबरात पत्र बंद. १६ तारखेला ढाक्याची बातमी आली. पंचायतीच्या रेडिओभोवती सगळं गाव. शाळा सोडली, गुळाचे खडे वाटले, आम्ही पोरं 'भारत माता की जय' करत पार वेशीपर्यंत गेलो. येताना वहिनींच्या दारावरून आलो. त्या दळत होत्या. मी गुळाचा खडा पुढे केला, त्यांनी घेतला आणि जात्याच्या पाळीवर ठेवला, तसाच. लढाई जिंकली ते गावाला कळलं होतं. त्यांना एक माणूस जिवंत आहे का ते कळायचं होतं, आणि ते रेडिओवर सांगत नव्हते.

पत्र आलं संक्रांतीच्या आसपास. मी उघडलं आणि नमस्काराच्या आधी वरच्या कोपऱ्यातली तारीख मोठ्याने वाचली. डिसेंबरच्या २३ तारखेचं. तारीख ऐकल्यावर वहिनी दारामागून बाहेर आल्या, सासऱ्यांच्या समोर, डोक्यावरचा पदर सावरायचंही भान नाही, आणि माझ्या हातातून पत्र घेऊन त्यातली सही बोटाने चाचपली. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण त्या सहीखालची आडवी रेघ ते कशी मारतात ते ओळखत होत्या.

आता दोघंही नाहीत. पत्रं कुठे गेली माहीत नाही.

हेळवाकची लेक
माहेरवाशीण, तुम्ही फक्त वाचत जाऊ नका हो.

जुनंपाकीट
+१. 'ते रेडिओवर सांगत नव्हते' इथे थांबलो आणि परत वरून वाचलं.

मनीऑर्डर
हे वाचल्यावर काही लिहू नये असं वाटतं, तरी एक. तार. आमच्या गावात फौजेतली घरं बरीच. तारवाला सायकलवरून वेशीत शिरला की बायका आपापल्या दारात उभ्या राहायच्या. कुणी त्याला काही विचारायचं नाही. तो ज्या दारावरून पुढे गेला, ते दार आतून लागायचं. तो माणूस सांगायचा की ७१ ला एकदा तार फक्त रजेवर येतोय एवढीच होती, तर त्याने वेशीतूनच ओरडून सांगितलं, "चांगली हाय, चांगली हाय!" नियमात बसत नव्हतं.

सह्याद्रीचा वारा
माझ्या आजीच्या पाटल्यांवरून मी जरा तडकलो होतो. उलटतपासणी, राग नसावा.

सगळं गाव कामाला लागल्याचं उदाहरण हवं असेल तर कच्छमधलं माधापर विसरू नका. ७१ ला भूजची धावपट्टी बाँबने फोडली, तेव्हा त्या गावच्या तीनेकशे बायकांनी ती ७२ तासांत पुन्हा उभी केली. तळाचे प्रमुख होते विजय कर्णिक, आपले मराठी. विमान आलं की झुडपात लपायचं, धावपट्टी वरून दिसू नये म्हणून शेण सारवायचं.

उलटतपासणी
राग कसला. आणि माधापरला सलाम. शेणाने सारवण्याचा इतका मोठा ठेका दुसऱ्या कुणाला मिळाला नसेल. आपल्याकडच्या बायकांना तिथे नेलं असतं तर चार बोटं रांगोळीही घालून आल्या असत्या.

गुळव्याचा नातू
मूळ प्रश्नाकडे येऊ का? गुऱ्हाळाचं कुणीच नीट बोललं नाही.

डिसेंबर म्हणजे ऐन गुऱ्हाळाचा हंगाम. चुलवाण एकदा पेटलं की विझवत नाहीत, एकामागून एक आधण चालू. रात्री चिपाडं टाकली की जाळ धुराड्याच्या तोंडापर्यंत येतो, दोन कोसांवरून दिसतो. गावात दहा कंदील विझवून उपयोग काय, माळावर असा जाळ असताना? त्यामुळे विमानांची खरोखर धास्ती घेतली असेल तर आधी गुऱ्हाळच बंद करणार. माझ्या आजोबांच्या आठवणीत आमच्याकडे (कागल बाजू) बंद केलं नव्हतं. ऊस तोडून पडलेला, रस आंबणार, नुकसान कोण भरणार? त्यांनी युक्ती केली. जाळाच्या तोंडाशी पत्रा लावला आणि जळव्याला सांगितलं, ओलं चिपाड घाल. नतीजा असा की जाळ दिसेना पण धूर एवढा झाला की गुळव्याला काहिलीतला पाक दिसेना. गूळ काळा उतरला. बाजारात त्याला दर मिळाला नाही आणि आजोबा जन्मभर म्हणत राहिले, "पाकिस्ताननं आमचं एक आधण खाल्लं."

तेव्हा कोयनाकाठ, तुमच्या वडिलांना विचारा, गुऱ्हाळ किती रात्री बंद होतं? एक-दोन रात्री असेल तर मानतो. चौदा रात्री म्हणत असतील तर लहानपणीची फेक.

कोयनाकाठ
विचारलं. वडील आता म्हणतात, "तीन रात्री. नक्की तीन." काल चौदा होत्या. धाग्याचा परिणाम :)

पण खरी बातमी पुढे आहे. आज सकाळी थोरल्या आत्याला फोन केला. तिला आपण कुणी कधी विचारलंच नव्हतं. ७१ ला ती वीस वर्षांची, बाळंतपणाला माहेरी आलेली, म्हणजे सगळ्यांत शहाणी साक्षीदार. तिने सांगितलं ते जसंच्या तसं:

"झाला होता की बिलाकाऊट. सरकारनं सांगितलं का न्हाई म्हाईत न्हाई. तालमीतल्या पोरांनी केला. धरणावर बाँब पडणार म्हणून कुणीतरी कऱ्हाडात ऐकून आलं आन् ह्यांनी रातोरात पथक काढलं. शिट्ट्या, काठ्या. गुऱ्हाळवाल्यानं पयल्या रातीला ऐकलं, दुसऱ्या रातीला ऐकलं, तिसऱ्या रातीला काठी घिऊन पोरांच्या मागं लागला. तितं संपला बिलाकाऊट."

म्हणजे वडिलांच्या तीन रात्री, गुळव्याचा नातू यांचा नियम आणि तेरणाकाठी यांची भीती, सगळं जुळलं. मी विचारलं, मग काका झालाच नाही असं का म्हणतात? आत्या हसायलाच लागली.

"त्यो कसं म्हनंल? पथकाचा पुढारी त्योच! आमच्या वसरीवर बाळंतिणीच्या खोलीचा कंदील हुता, त्यो मी विझवंना. लेकरू रडत हुतं. तर ह्या भाद्दरानं बाहीरनं काठी घातली खिडकीतनं. काच फुटली, राकेल सांडलं, वाकळंनं पेट घेतला. आबांनी कळशी वतली आन् मग ह्याला चावडीपातूर हाणत न्हेला. त्या वर्सी राकेल कंट्रोलात मिळंना आन् काच तर तालुक्याला जाऊन आनावी लागायची. म्हैनाभर अंधारात न्हाणं घातलं मी लेकराला. खरा बिलाकाऊट त्यो."

चौदा कॅरेट
काच कितीची पडली ते विचारा. वात आमच्याकडून बसवून दिली असती.

माहेरवाशीण
आत्याबाईंना माझा नमस्कार सांगा.

ताकभात
धाग्याच्या सुरुवातीला 'काका बरोबर' असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. आता काकांची बाजू ऐकल्याशिवाय निकाल नको.

कोयनाकाठ
आत्याचं बोलणं काकांना पाठवलं. दोन तास काही नाही. आत्ता उत्तर आलं, एकच ओळ:

"काच आधीच तडकलेली होती."